यादीतली नावं खरी असली तरी

सिनॉप्सिस जमा करण्याच्या आठवडाभर आधी माझ्या गाईड मॅडमनी मला एक प्रश्न विचारला आणि माझं सहा महिन्यांचं काम तिथेच अडलं. तेव्हा विषयाचं शीर्षक असं होतं: 'साठच्या दशकातील मुंबईत दाक्षिणात्यांविषयी पसरलेली चुकीची माहिती आणि जनमत'. मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "समजा, तू तपासलेल्या यादीतलं प्रत्येक नाव खरं निघालं. मग तुझ्या प्रबंधाचं काय होणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकीच्या माहितीमुळे लोक परक्यांचा द्वेष करतात आणि बरोबर माहिती दिली की द्वेष कमी होतो, असं मी गृहीत धरून चालले होते. गृहीत धरलंय हेही लक्षात आलं नव्हतं. आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत. 'माध्यमं आणि जनमत' हा विषय घेऊन येणारे तर दरवर्षी चार-पाच जण भेटतात. त्यांचे सहा महिने वाचले तर बरंच.

यादी कुठली?

'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक ऑगस्ट १९६० मध्ये सुरू झालं. बाळ ठाकरे त्याआधी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार होते. बंधू श्रीकांत ठाकरे यांच्यासोबत त्यांनी हे साप्ताहिक काढलं. साठच्या दशकाच्या मध्यावर त्यात याद्या यायला लागल्या. मुंबईतल्या कंपन्या आणि कार्यालयांमधल्या अधिकाऱ्यांची नावं, त्यातली बहुसंख्य दाक्षिणात्य. ही नावं मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरीतून काढलेली असत. सदराचं नाव होतं 'वाचा आणि थंड बसा'. पुढे ते 'वाचा आणि उठा' असं झालं. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवाजी पार्कवर पहिला मोठा मेळावा झाला. १९६७ मध्ये ठाण्यात आणि १९६८ मध्ये मुंबई महापालिकेत या पक्षाने आपली ताकद दाखवली. मुंबईत तर ४२ जागा मिळाल्या.

मधल्या काळात 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' ही घोषणा घुमत होती आणि उडुपी हॉटेलांवर दगड पडत होते. म्हणजे प्रकरण नुसतं वाचून थंड बसण्याचं राहिलं नव्हतं.

आता या यादीकडे साधन म्हणून बघा. लेख नाही, भाषण नाही, शिवी नाही. नुसती नावं. डिरेक्टरीतून घेतलेली, म्हणजे कुणालाही पडताळून बघता येतील अशी. 'हे खोटं आहे' असं म्हणायला जागाच नाही. माझा प्रबंध 'चुकीची माहिती' शोधत होता आणि माझं मुख्य साधन होतं बरोबर माहितीचं.

आडनाव कशाचा पुरावा?

मॅडमच्या प्रश्नानंतर मी पुन्हा १९६१ च्या जनगणनेकडे गेले. तेव्हा बृहन्मुंबईची लोकसंख्या साडेएक्केचाळीस लाखांच्या आसपास होती. मराठी मातृभाषा असलेले सुमारे ४३ टक्के, गुजराती सुमारे १९ टक्के. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा मिळून दहा टक्क्यांच्या आत.

हे आकडे मी पहिल्या मसुद्यातही दिले होते. 'बघा, दहा टक्केसुद्धा नव्हते' एवढं म्हणून पुढे गेले होते. पण जनगणनेत मातृभाषेच्या तक्त्यासारखाच जन्मस्थळाचाही तक्ता असतो. तो मी नीट पाहिला नव्हता. त्यानुसार १९६१ मध्ये मुंबईत राहणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांचा जन्म मुंबईबाहेरचा होता. आणि या बाहेरून आलेल्यांमध्ये फार मोठा वाटा महाराष्ट्रातल्याच जिल्ह्यांचा होता, त्यातही रत्नागिरीचा. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता, हे लक्षात ठेवा.

म्हणजे 'स्थलांतरित' या शब्दाचा जनगणनेतला अर्थ घेतला तर परळच्या गिरणीत आलेला संगमेश्वरचा मुलगा स्थलांतरित ठरतो, आणि माटुंग्यात जन्मलेला, माटुंग्यातच शिकलेला तमिळ मुलगा स्थलांतरित ठरत नाही. यादीत मात्र माटुंग्याचा मुलगा येणार आणि संगमेश्वरचा कधीच येणार नाही. कारण यादी आडनाव मोजते. माणूस कुठे जन्मला, मुंबईत किती वर्षं राहिला, मराठी बोलतो का, यातलं काहीच आडनावावरून कळत नाही.

भाषेतही तेच बघा. कोकणातून आलेला तो 'चाकरमानी'. या शब्दात कौतुक आहे, गणपतीला गावी येणाऱ्याची वाट बघणं आहे. दक्षिणेतून आलेला तो 'मद्रासी', मग तो पालघाटचा असो, मंगळूरचा असो की नेल्लोरचा. चार भाषा आणि कितीतरी जाती एका शब्दात बसवल्या. 'मार्मिक'मध्ये तर त्यांच्या बोलण्याच्या नादावरून 'यंडुगुंडू' असा शब्द चालायचा. दोघंही रेल्वेने पोटासाठी आलेले, पण एकासाठी घरचा शब्द आणि दुसऱ्यासाठी परका. ही वर्गवारी यादीने जन्माला घातली असं मी म्हणणार नाही, ती आधीपासून होती. यादीने तिला आकड्यासारखं रूप दिलं.

छेद कुठे आहे?

यादीत दुसरी एक गोष्ट नसते. शाळेच्या भाषेत सांगायचं तर अंश असतो, छेद नसतो. वीस नावं छापली. वीस कितीपैकी? त्या कार्यालयात एकूण अधिकारी किती? मराठी किती, गुजराती किती, पारशी किती? त्या जागांसाठी अर्ज किती जणांनी केले आणि त्यात मराठी किती होते? यातलं काहीही कळल्याशिवाय वीस ही संख्या जास्त की कमी हे सांगता येत नाही. पण वाचणाऱ्याला ती जास्तच वाटते. एकाखाली एक वीस नावं वाचताना डोळ्यांना दुसरं काही दिसतच नाही.

याचा अर्थ तक्रारीत तथ्य नव्हतं असा होतो का? नाही. इथे मी सुरुवातीला घसरले होते, म्हणून जरा थांबून सांगते. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. त्यासाठी शंभराहून जास्त माणसं मेली होती. राज्य आपलं झालं, आता नोकऱ्याही आपल्याला मिळतील, ही अपेक्षा काही वेडेपणाची नव्हती. शाळा वाढल्या, एसएससी झालेल्या मुलांची संख्या वाढली. पण गिरण्यांतली भरती पूर्वीसारखी राहिली नव्हती. त्यात १९६२ आणि १९६५ ची युद्धं, १९६५-६६ चा दुष्काळ, महागाई. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्यानंतर तेराव्या दिवशी शिवसेनेची स्थापना. एकामुळे दुसरं झालं असं नव्हे, पण हवा काय होती ते यावरून कळतं.

पांढरपेशा नोकऱ्यांत दाक्षिणात्य तरुण पुढे होते हेही खरं. त्यामागे कारस्थान नव्हतं, साधी कारणं होती. इंग्रजी चांगलं, टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून आलेले, आणि आधी आलेला काका किंवा गाववाला जागा रिकामी झाली की सांगायचा. ओळखीतून नोकरी हा मुंबईचा जुना रिवाज. गिरणगावात रत्नागिरी-साताऱ्याची माणसं अशीच लागली. मुकादम गावचा, खोली गावकऱ्यांची, खानावळ ओळखीची. जी व्यवस्था गिरणीत आपल्याला आधार देत होती, तीच कचेरीच्या दारात दुसऱ्याची झाली की अन्याय वाटत होती. आणि दाराबाहेर राहिलेल्याचं दुःख खोटं नव्हतं.

मग प्रश्न असा की राग दाक्षिणात्य कारकुनावरच का? कारखाने, पेढ्या आणि मोठा व्यापार मुख्यतः गुजराती, मारवाडी, पारशी आणि युरोपीय मालकांच्या हातात होता. कुणाला घ्यायचं हे शेवटी मालक ठरवत होता. पण मालकांच्या नावांमधून 'ही जागा माझी असती' असं कुणाला वाटत नाही. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टकडे बघून वाटतं. यादीने स्पर्धा जिथे रोज दिसत होती तिथेच बोट ठेवलं.

आजोबांची गोष्ट

माझे आजोबा १९६४ मध्ये संगमेश्वर तालुक्यातून लालबागला आले. मॅट्रिक झालेले, टायपिंगची परीक्षा दिलेली. एका कंपनीत टायपिस्टच्या जागेसाठी तीनदा मुलाखतीला गेले आणि तिन्ही वेळा परत आले. शेवटी एका गोदामात हिशेबनीस म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ते याद्या वाचायचे. सभेलाही गेले होते.

प्रबंधासाठी मी त्यांच्याशी तीन बैठकांत बोलले. एकदा मी विचारलं, "आजोबा, त्या यादीतल्या कुणाला तुम्ही ओळखत होतात?"

"नाही गं. ओळखणार कुठून?"

"मग राग कुणाचा यायचा?"

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आधी वाटायचं माझंच इंग्रजी कच्चं. वाचल्यावर वाटायला लागलं, माझं एकट्याचं नाही हे."

हे वाक्य मी वहीत लिहिलं तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. यादीने आजोबांना मुंबईत दाक्षिणात्य किती आहेत हे सांगितलं नाही. ते त्यांना नकोही होतं. यादीने त्यांना 'मला नोकरी का मिळाली नाही?' या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि ते उत्तर देताना त्यांच्या मनावरची लाज उतरवली. आता त्यांच्यासमोर जनगणनेचा तक्ता धरून 'आजोबा, ते दहा टक्केसुद्धा नव्हते' असं म्हणण्यात काय अर्थ आहे? त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरच नाही.

आजचे प्रयोग काय सांगतात?

इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे एक अडचण कायम असते. 'मार्मिक' वाचून लोकांचं मत बदललं, की ज्यांचं मत आधीच तसं होतं तेच 'मार्मिक' विकत घेत होते? जुन्या अंकांवरून हे ठरवता येत नाही. म्हणून मी समाजशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञांचे प्रयोग वाचायला घेतले. तिथे लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात, एकाला माहिती देतात, दुसऱ्याला देत नाहीत, आणि फरक बघतात.

अमेरिकेत हॉपकिन्स, साइड्स आणि सिट्रिन यांनी २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात लोकांना स्थलांतरितांचं खरं प्रमाण सांगितलं. बहुतेकांचा अंदाज आधी खऱ्यापेक्षा बराच जास्त होता. खरा आकडा कळल्यावर अंदाज सुधारला, पण स्थलांतराविषयीचं मत जवळजवळ होतं तिथेच राहिलं. ग्रिगोरिएफ, रोथ आणि उब्फाल यांच्या २०२० च्या अभ्यासात चित्र थोडं वेगळं आहे. त्यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगात नुसतं प्रमाण न सांगता स्थलांतरितांविषयी अनेक गोष्टी एकत्र सांगितल्या. तिथे माणसांकडे बघण्याची दृष्टी सुधारली आणि काही आठवड्यांनीही हा परिणाम टिकून होता. धोरणाविषयीची मतं मात्र सहजी हलली नाहीत.

अलेसिना, मियानो आणि स्टँचेवा यांनी अमेरिका आणि युरोपातले पाच देश घेतले. त्यांचा मला सगळ्यात उपयोगी पडलेला निष्कर्ष असा: सरकारने गरिबांना मदत करावी का, हे विचारण्याआधी स्थलांतरितांविषयी नुसते प्रश्न विचारले, तरी मदतीचा पाठिंबा घटला. कुठलीही नवी माहिती दिली नव्हती. फक्त विषय काढला होता.

हा तिसरा निष्कर्ष वाचल्यावर मी 'मार्मिक'च्या सदराकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. दर आठवड्याला यादी येत राहणं हाच एक परिणाम असू शकतो. यादीत नवीन काही असो वा नसो, नोकरीचा विषय निघाला की आडनाव आठवायचं, ही सवय ती लावत होती. शेजारी व्यंगचित्रं होतीच. चित्राने माणसाला चेहरा दिला आणि यादीने पुरावा.

अर्थात २०१९ च्या अमेरिकेतला निष्कर्ष उचलून १९६६ च्या लालबागला चिकटवता येत नाही. प्रयोगातून मला उत्तर मिळालं नाही, जुन्या साधनाला विचारायचा नवा प्रश्न मिळाला. व्हायवात हा फरक नक्की विचारतात.

संख्या तीच, राग दुसरीकडे

अजून एक पडताळा इतिहासच देतो. संख्या जास्त म्हणून राग, असं असेल तर संख्या कमी झाल्यावर राग कमी व्हायला हवा. मुंबईतले तमिळ, मल्याळी, कानडी लोक काही निघून गेले नाहीत. तरी पुढच्या दशकांत त्यांच्याविरुद्धची धार बोथट झाली आणि रोख दुसऱ्यांकडे वळला. २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेवरून मुंबईत उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली, तेव्हा 'परप्रांतीय' म्हणजे कोण, याचं उत्तर पूर्ण बदललेलं होतं. इडली-डोसा तर तोवर मराठी घरातला रविवारचा नाश्ता झाला होता. कुणी आकडे सांगून हा बदल घडवला नाही.

आणि हे मुंबईपुरतं आहे असंही समजू नका. सरकारं हेच काम जास्त सफाईने करतात. अमेरिकेने १९२१ मध्ये कायदा केला: प्रत्येक देशातून किती लोक यायचे हे १९१० च्या जनगणनेतल्या त्या देशाच्या लोकांच्या ३ टक्क्यांवर ठरेल. १९२४ च्या कायद्यात टक्केवारी २ केली आणि जनगणना घेतली १८९० ची. नवी १९२० ची हाताशी असताना चौतीस वर्षं जुनी का? कारण १८९० नंतर इटली, पोलंड, रशियाकडून लोक मोठ्या संख्येने आले. जुना छेद घेतला की त्यांचा वाटा आपोआप आटतो. आकडे दोन्ही खरे. कुठला वापरायचा, एवढंच ठरवलं.

तुमच्यासाठी

या विषयावर काम करायचं असेल तर मेरी कॅटझेनस्टाईन यांचं १९७९ चं आणि दीपांकर गुप्तांचं १९८२ चं शिवसेनेवरचं पुस्तक वाचल्याशिवाय सिनॉप्सिस लिहू नका. दोघांची मांडणी वेगळी आहे आणि त्या फरकातच तुम्हाला जागा मिळेल. त्याशिवाय माझ्या चुकीतून शिकण्यासारख्या तीन गोष्टी:

१. माहिती खरी की खोटी हे तपासाच, पण तिथे थांबू नका. ती कशाची मोजणी आहे ते बघा. आडनाव, मातृभाषा, जन्मस्थळ, वास्तव्याची वर्षं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीतून वेगळा 'परका' निघतो.

२. छेद शोधा. सापडला नाही, तर तो का छापला नाही हाच प्रश्न प्रकरणाला पुरतो.

३. वाचणाऱ्याचा प्रश्न कोणता होता ते विचारा. जिवंत माणसं असतील तर उशीर करू नका. साठच्या दशकात विशीत असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

माझ्या प्रबंधाच्या नव्या शीर्षकात 'चुकीची' हा शब्द नाही. मॅडमनी ते मान्य केलं, वर म्हणाल्या, "आता काम वाढलं तुझं." ते खरंच वाढलंय. दाक्षिणात्य कुटुंबांच्या मुलाखती अजून बाकी आहेत. त्या याद्या त्यांच्या घरात कशा वाचल्या गेल्या, हे मी पहिल्या मसुद्यात विचारलंच नव्हतं. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "विचार, विचार. आमच्या गोदामातला नायर असेल तर त्यालाही विचार. चांगला माणूस होता." त्यांना मी लगेच पुढचा प्रश्न विचारणार होते, पण त्यांची झोपेची वेळ झाली होती. पुढच्या बैठकीच्या यादीत तो प्रश्न पहिला आहे.